आज्जीची साक्ष

ती. आत्याबाईंना,

सासरी काहीही लिहून द्यायचं नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय. म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील.

पोरीची पोटगी बापाच्या कमाईवर ठरते, हे तुम्हाला कुणीतरी नीट समजावलेलं दिसतंय. आदिनाथने कंपनी सोडली, महाळुंग्यातल्या त्याच्या भाड्याने दिलेल्या खोल्या तुमच्या नावावर झाल्या, आणि काल कोर्टात तुम्ही शपथेवर म्हणालात, "माझ्या पोराला काय बी कमाई न्हाई. माझ्याच तुकड्यावर जगतोय." ईश्वरी माझ्या शेजारी बसली होती. तिने 'आज्जी' म्हणून हाक मारली, तर तुम्ही पदर सावरत खाली बघितलंत.

राग आलाय मला, तो जाणारही नाही. पण आज ती शाळेतून आली, तेव्हा डब्यात अर्धी चपाती तशीच होती. मी ओरडले. ती म्हणाली, "बाबांसाठी ठेवलीय. त्यांना काहीच मिळत नाही, आज्जी म्हणाली ना."

आज्जी खोटं बोलली, हे माझ्या तोंडून निघेना. चपाती फडक्यात बांधून ठेवलीय. आज्जी न्यायला येईल, असं सांगितलंय तिला.

तुमच्या नातीची आई,
कांचन