बुधवारची थाळी

बाबा, हॉटेलात कसं बसायचं ते मला तुम्हीच शिकवलंत. मी सातवीत असेन. एसटी स्टँडजवळच्या एका हॉटेलात तुम्ही मला मिसळ मागायला लावलीत, आणि माझा आवाज काही निघेना. "लाजतेस कशाला? आपन काय फुकट खायला न्हाय आलेलो," तुम्ही म्हणालात. मग मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की बाजूच्या टेबलावरचे पॉवरलूमचे कामगार वळून बघायला लागले, आणि तुम्ही पोट धरून हसलात. आई कधीच आपल्याबरोबर यायची नाही. हॉटेलचं जेवण तिला जेवण वाटायचं नाही. खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण ती करायची, तेव्हा शेजारची वहिनी वाटी घेऊन दारात उभी असायची.

मग हायवेवर भाऊच्या मोटरसायकलला ट्रेलरनं उडवलं. अकरा दिवस तो बेशुद्ध होता. हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून तुम्ही शंकराला नवस बोललात, पोरगा उठला तर मासमच्छी सोडीन. भाऊ उठला. तुम्ही घरी आलात ते सरळ स्वयंपाकघरात, आणि आईला म्हणालात, "आजपासून या घरात मासळी शिजनार न्हाय. वास उठला तरी नवस मोडंल." सुक्या बोंबलांचा डबा, जवळा, कालवणाचं मातीचं भांडं, सगळं तिनं त्याच दुपारी वहिनीला देऊन टाकलं. आगऱ्याच्या घरात रोज डाळ आणि भाजी. लोक तुमच्याकडे बघून हात जोडायचे, आणि मलाही तुमचा अभिमान वाटायचा.

तीन वर्षांनी आईच्या पोटात गाठ निघाली. शेवटच्या दोन महिन्यांत तिला काहीच गोड लागेना. मी तिला पेज भरवतेय, ती तोंड फिरवते आणि म्हणते, "चव न्हाय गो तोंडाला. येक वाटी निवट्यांचं कालवन दे, मंग काय नको मला." तुम्ही दारात उभे आहात. मी तुमच्याकडे बघते. तुम्ही म्हणता, "पोराच्या जिवाशी खेळ नको." रागानं नाही, अगदी मऊ आवाजात. आई लगेच म्हणते, "ऱ्हाऊ द्या, मी उगाच बोलले." त्यानंतर तिनं पुन्हा मागितलं नाही. मागितलं नाही म्हणजे इच्छा गेली, असं आपण सगळ्यांनी धरून चाललो.

ती गेल्यानंतर आठ महिन्यांनी, मी तेव्हा काल्हेरच्या गोडाऊनमध्ये बिलिंगला होते, आमच्या सुपरवायझरच्या निरोपाचं जेवण पडघ्याच्या पुढच्या एका हॉटेलात ठेवलं होतं. भर दुपार होती, बाहेर ट्रकांची रांग. हात धुवायला मी आत गेले. बेसिनच्या बाजूला पडदा लावलेल्या तीन केबिन होत्या. एकीचा पडदा अर्धा उघडा होता आणि आत तुम्ही बसला होतात. तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, सुरमईचा रस्सा. तुम्ही काटा काढत होतात, मान खाली घालून, अगदी मन लावून. वेटर माझ्या मागून आला. मी तुमच्याकडे टक लावून बघतेय हे पाहून तो म्हणाला, "ताई, शेठ अपने पुराने कस्टमर हैं. हर बुधवार. दो-ढाई साल से."

दो-ढाई साल. मी तिथं उभ्याउभ्या मागे मोजत गेले. दर बुधवारी तुम्ही पडघ्याला तलाठ्याकडे जातो म्हणून घरून निघायचात. आई पेजेला तोंड फिरवत होती, तेही बुधवार त्यातच होते.

तुम्ही वर बघितलंत. दचकला असाल, पण म्हणालात, "बस. काय घेशील?"

मी बसले. का बसले, मला अजून कळत नाही. "नवस?" मी विचारलं.

"नवस घराचा हाय," तुम्ही म्हणालात. "घरात शिजवायचं न्हाय, येवढंच. भायेरचं चालतं."

"हे आईला सांगितलं असतंत."

तुम्ही रश्श्यातलं बोट चाटायला उचललं होतंत, ते तसंच राहिलं. मग तुम्ही वेटरला हाक मारलीत आणि म्हणालात, "हिला येक पापलेट आन, ताजा बघून." मी उठले, बाहेर सगळ्यांबरोबर बसले आणि पनीर खाल्लं. त्यानंतर तुम्ही होतात तोवर आपण एकमेकांशी बोललो, पण एका ताटाला बसलो नाही. तुम्हीही कारण विचारलं नाहीत.

तुमच्या बाराव्याला लोक म्हणत होते, माणसानं पोरासाठी शेवटपर्यंत नवस पाळला. मी मान डोलावली. भाऊनं त्या दिवशी तुमच्या फोटोपुढे हात जोडून तो नवस आपल्या अंगावर घेतला. आजही त्याच्या घरात मासळी शिजत नाही. त्याची लेक मैत्रिणीच्या डब्यातला बांगडा खाऊन आली, तर त्यानं तिला थोबाडीत मारली, म्हणाला, "माझ्या बापानं माझ्यासाठी जीभ मारली." पोरगी माझ्याकडे आली रडत. मी तिला जवळ घेतलं आणि तिचे डोळे पुसले. भाऊला खरं सांगितलं तर बापाच्या नवसानं आपण वाचलो, हा आधारच त्याच्या हातून निसटेल. म्हणून तुमचं खोटं मी सांभाळतेय, बाबा, आणि याचा मला तुमच्यावर सगळ्यात जास्त राग आहे.

हे कागद मी कुठं पाठवणार? पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही, ती लिहून ठेवते. आई अंथरुणावर असताना एकदा मी कामावरून येताना तिच्यासाठी निवट्यांचं कालवण पार्सल घेतलं होतं. दारात तुमच्या चपला दिसल्या. मी तशीच मागे फिरले, नाक्यावरच्या रिक्षात बसले आणि सगळं मीच खाल्लं. चांगलं झालं होतं.