वहिनीचा आवाज

२१ फेब्रु., कोऱ्हाळे
काल तिसऱ्या अंकात आवाज गेला. बसला नाही, गेलाच. दोन्ही दीर वाटणीला उभे, आणि मी उंबऱ्यात आडवी होऊन बोलायचं. सगळं नाटक त्या एका बोलण्यावर. "माझ्या जिवात जीव हाय तवर" इथपर्यंत आले आणि पुढं नुसती हवा. सुभाष हुशार. नाटकातला माझा नवरा तो, त्यानं माझी वाक्यं आपली करून म्हटली. लोकांना कळलं की नाही देव जाणे. पडदा पडेपर्यंत अंगाला घाम.
सकाळपासून गुळण्या. चहासुद्धा उतरताना टोचतो. शाळेच्या वर्गात मुक्काम, फरशी गार, भिंतीवर बे एके बे. ट्रंका भरायच्या राहिल्यात. उठवत नाही.

२३ फेब्रु., बारामती
घशाच्या डॉ.कडं. नाकातून नळी घालून बघितलं. आत गाठ आहे. साधीच दिसते म्हणाले, पण महिनाभर तोंड बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो म्हणे. ऐकलं नाही तर ऑपरेशन, आणि मग आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही.
नाटक कंपनीचा टेम्पो हेच चालवतात. येताना म्हणाले, चला, घरात महिनाभर शांतता. हसवायला म्हणाले. हसले तर आवाजच आला नाही, तेव्हा रडू आलं. तेही बिनआवाजाचं.
बरं झालं परवा ही डायरी काढली. मेडिकलवाल्यानं दिलेली, कोरीच पडून होती. कुठंतरी बोलायला पाहिजे.

२४ फेब्रु., पिंपळी
तात्यांच्या शेडवर सगळे जमलो. तात्या कंपनीचे मालक, नाटकात माझे सासरे. जत्रांच्या सुपाऱ्या घेऊन बसलेत, नाही म्हणता येत नाही. नवी बाई आणली तर पाठ कधी करणार? धाकट्या जावेचं काम करणारी पोरगी अजून स्वतःच्याच वाक्यांना अडखळते.
तात्यांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, मंगल बोलंल आतनं, शैला नुसते ओठ हलवंल.
मंगलताई कोपऱ्यात साडीला फॉल लावत होती. कपडेपट ती सांभाळते. पण माझ्या आधी थोरल्या वहिनीचं काम तिचंच होतं. एके दिवशी उठली तर तोंड डावीकडं ओढलेलं. वाचा वर्षभरानं परत आली, चेहरा आला नाही. तेव्हापासून ती पडद्याआड. आणि मी, जी नाटकात तिची धाकटी जाऊ व्हायचे, ती थोरली वहिनी झाले.
"मला न्हाय जमायचं, तात्या," म्हणाली. सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "विंगेतनं म्होरं येणार न्हाय. आदीच सांगते."

२६ फेब्रु., पिंपळी
तालीम. ओठ हलवणं सोपं वाटलं होतं. मी धावते तिथं मं.ताई रेंगाळते. तोंड पुढं, आवाज मागं. सुभाषला हसू आवरेना, तात्यांनी त्याला बाहेर काढलं.
शेवटी तिनं माझा हात धरून स्वतःच्या बरगडीवर ठेवला. म्हणाली शब्दांकडं बघू नको, माझा श्वास बघ. तसाच हात ठेवून अख्खा अंक केला. जमलं.
तिला एकेक शब्द पाठ. इतकी वर्षं रोज माझी बदलायची साडी घेऊन विंगेत उभी असायची. मनात म्हणत असेल का? फोनवर टाईप करून विचारता आलं असतं. नाही विचारलं.

२ मार्च, निरवांगी
पार पडलं एकदाचं. उसाच्या ट्रॉल्यांमागं टेम्पो अडकला, पोचायला अंधार. न जेवता तोंडाला रंग. मं.ताई विंगेत खुर्चीवर, हातात माईक. दोनदा घोळ झाला. माझं तोंड मिटलेलं आणि आवाज चालू. पदर लावला तोंडाला.
तिसऱ्या अंकाला पुढच्या बायका रडल्या. माझ्या वेळीही रडतात. पण काल... मी तिथं आवाज चढवते, ती खाली आणते. उंबऱ्यात आडवं झालेल्या बाईला ओरडायची गरजच नाही, असं बोलते. माझ्याच अंगावर काटा.
आज कंबर धरलीय. येताना टेम्पोत ट्रंकांवर झोपले होते ना.

९ मार्च, इंदापूरकडं
लागोपाठ प्रयोग. पाय सुजलेत. रोज नवा वर्ग, नवी मोरी, तीच आमटी. मला तिखट चालत नाही म्हणून दुधात भाकरी.
सकाळी गावातल्या बायका भेटायला. एका आजीनं माझे गाल धरले. "काय गं तुजा आवाज! गेल्या साली येवढा गोड नव्हता." मी हात जोडले, दुसरं काय करणार. मं.ताई शेजारीच साडीची घडी घालत होती, मान खाली. तोंडाचा कोपरा थरथरला. हसली की काय ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.
आजी गेल्यावर मी साडी तिच्या हातातनं ओढून घेतली आणि स्वतः घडी घातली. वेडीवाकडी झाली.

१० मार्च
ह्यांना टाईप करून विचारलं: तिचं बरं होतं का माझं? गाडी चालवताना वाचत नाही म्हणाले. चहाला थांबलो तेव्हा वाचलं. मग नुसतेच कपात बघत राहिले. खोटं बोलता येत नाही ह्या माणसाला. बोलले असते तर बरं झालं असतं.

१४ मार्च
भांडण. म्हणजे माझ्याकडून फोनवर. लिहिलं: इतकं हळू बोलू नका, काम माझं आहे, मी करते तसं करा.
तिनं चष्मा लावून वाचलं, फोन परत दिला. "शैले, नक्कल करायला मी आले न्हाय. चेहरा तुजा हाय. तो मी कुटं मागितला?"
 फोन पिशवीत टाकला.
दुपारभर एकाच वर्गात दोघी, दोन भिंतींना टेकून. पंखा बंद. संध्याकाळी तिनंच माझ्या निऱ्या घातल्या, नेहमीसारख्या. घट्ट.

२१ मार्च, इंदापूर
कालचं लिहायला हात होत नाही, पण लिहिते.
गर्दी भरपूर. तिसरा अंक, वाटणी, मी उंबऱ्यात. ओठ उघडले आणि स्पीकरमधून काहीच नाही. माईकची वायर कुणाच्यातरी पायात येऊन उपटली होती. मं.ताई विंगेतनं बोलत होती, मला ऐकू येत होतं, लोकांना नाही. मागून शिट्ट्या सुरू. कुणीतरी म्हटलं, बाई मुकी झाली.
मी बोलायचा प्रयत्न केला. डॉ.ना कबूल केलेलं सगळं विसरून. निघाला तो घोगरा तुकडा, कागद फाटल्यासारखा. लोक हसले. मी नाटकातली बाई राहिलेच नाही, नुसती शैला उभी होते.
तेव्हा ती आली. विंगेतनं, कपडेपटाच्या साध्या पातळात, नाकापर्यंत पदर ओढून. तात्यांना क्षणभर कळेना, पण मुरलेला माणूस. म्हणाले, या, ईनबाई. म्हणजे विहीण, नाटकात माझी आई. ती माझ्या खांद्यामागं येऊन उभी राहिली. नाटकात नाहीत ती वाक्यं बोलली:
"ही बोलायची न्हाय. आजवर ह्या घरात हिनं तोंड उघडलंय का कदी? मी सांगते."
आणि मग माझं सगळं बोलणं बोलली. नाटकातली वहिनी 'मी' म्हणते, तिथं ती 'ही' म्हणत गेली. हिनं तुमाला वाढवलं. हिच्या जिवात जीव हाय तवर. मी खाली मान घालून नुसती उभी. काही करावंच लागलं नाही. मधेच पदर घसरला. तिच्या लक्षात आलं, मी बघितलं, हात वर गेला आणि परत खाली आला. तसंच राहू दिलं. वाकडं तोंड, पूर्ण उजेडात.
कुणी हसलं नाही.
आत आल्यावर ती ट्रंकेवर बसली. मी पाणी दिलं. बराच वेळ प्यालीच नाही, नुसता तांब्या धरून.

२३ मार्च, पिंपळी
तात्या खुशीत. दोन गावांतून फोन आले, त्या मुक्या वहिनीचं नाटक आमच्याकडं आणा म्हणून. तात्यांनी ठरवूनच टाकलं, आता हेच कायम. मी मुकी, मंगल माझी आई. सुभाष म्हणाला, वा. सगळे वा.
मी बाहेर जाऊन टेम्पोत बसले. माझा आवाज परत आला तर तो कुठं ठेवायचा, हे कुणी विचारलं नाही.

२७ मार्च, बारामती
डॉ.नी पुन्हा नळी घातली. त्या दिवशी बोललात ते निभावलं, नशीब म्हणाले. गाठ जवळजवळ विरलीय. हळूहळू बोलायला लागा, महिन्याभरानं कामही करा. एकदा बोलून दाखवा म्हणाले. काय बोलू सुचेना. स्वतःचं नाव सांगितलं. जाडसर आला, पण माझा.
ह्यांचे डोळे भरले. बाहेर येऊन उसाचा रस पाजला, बिनबर्फाचा. मी सांगितलं, कंपनीत एवढ्यात बोलू नका. का, विचारलं. माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

२९ मार्च, पिंपळी
मं.ताईला सांगितल्याशिवाय मला राहवलं नाही. शेडमागं कपडे वाळत घालत होती. मागून हाक मारली, ताई. तिच्या हातातला चिमटा पडला. वळून माझ्याकडं बघत राहिली, मग ओल्या हातानंच तोंडावरनं हात फिरवला माझ्या.
मग दोघी पायरीवर बसलो. मी थोडंच बोलले, दमते अजून. म्हटलं, तात्यांना सांगितलं तर ते जुनं नाटक लावतील. नाही सांगितलं तर मी मुकीच. तुम्ही सांगा.
ती म्हणाली, "तुजं काम हाय. मागितलंस तर आत्ता दीन. पर इचारलंस म्हणून खोटं न्हाय बोलणार. मला करायचंय."
एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलेलं आठवत नाही. राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा. मी चाळिशी ओलांडलीय, अजून किती वर्षं वहिनी? आणि हे काम सोडून मला दुसरं काय येतं? घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं बरं वाटतंय का, त्यांनाही मानेनंच हो म्हटलं. सवय लागलीय.
तरी एक आहे. त्या उंबऱ्यात मला एकदा हळू बोलून बघायचंय. तिच्यासारखं नाही, पण ओरडून नाही. आता येईल असं वाटतं.

२ एप्रिल, निरवांगीजवळ
पुन्हा शाळा, पुन्हा वर्ग. ऊन मरणाचं, पत्रा तापलेला. रात्री प्रयोग.
तात्यांना दुपारी सांगितलं. सरळ बोलूनच. आधी खूश झाले, मग चेहरा उतरला. म्हणाले, जाहिरात मुक्या वहिनीची केलीय पोरी. पर तुजा हक्क हाय, दोन्ही नाटकं बसलेलीच हाईत. तुमी दोगी ठरवा, रातच्या प्रयोगाची पूजा व्हायच्या आदी सांगा म्हंजे झालं. आणि जाऊन आडवे झाले.
मं.ताई वर्गात बाकावर पातळ पसरून इस्त्री करत होती. मी दारात उभी राहिले. मान वर न करता तिनं विचारलं, काय ठरलं.
अजून काय नाही, म्हटलं.
"बरं. तवर ह्यो पदर धर," म्हणाली.
धरला. तिनं दुसरं टोक धरलं, दोघींनी ताणलं, घडी घातली. ट्रंकेत अजून बऱ्याच साड्या होत्या.