फ्रिजवरची अकरा कलमं

३ नोव्हेंबर, सोमवार

म्हाताऱ्या पाळकांनी आज चर्चच्या पायरीवरच गाठलं. रविवारचं वाचन म्हणे मी करायचं! म्हटलं, माझा आवाज देवानं टोमण्यांसाठी घडवलाय. तर हसून म्हणाले, "नव्या कराराचा उतारा आहे. तुला सोपा जाईल. तुमच्या घरी करार आहेच की!"

हसणारच. साक्षीदार म्हणून त्यावर सही त्यांचीच.

नऊ वर्षं झाली. ताईचं उशिरा जमलेलं लग्न मोडलं आणि मी, सख्ख्या धाकट्या बहिणीनं, त्यावर साप्ताहिकात विनोदी लेख लिहिला. नाव नव्हतं घातलं, पण गावाला नाव लागतं कुठे? ताई वाचनालयात काम करते. महिनाभर लोक पुस्तकं बदलायला कमी आणि तिचं तोंड बघायला जास्त येत होते. शेवटी पाळक मध्ये पडले. अकरा कलमं ठरली, फ्रिजवर चिकटली. पहिलं – घरातलं छापायचं नाही. चौथं – दार वाजवल्याशिवाय खोलीत जायचं नाही. सातवं – कप वेगळे. निळा माझा, पांढरा तिचा.

नऊ वर्षांत एक कलम मोडलं नाही. भांडण नाही, हसणंही नाही. घर कसं त्या फ्रिजसारखं – सगळं जागच्या जागी, आणि गार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

उतारा वाचला. देव म्हणतो, जुना करार या लोकांनी मोडला. आता नवा करीन. या वेळी दगडावर नाही, काळजावर लिहीन. आणि यांची पापं पुन्हा आठवणार नाही.

देवाचं ठीक आहे. ताईला कोण सांगणार? कोणत्या साली कुणी कोणतं पुस्तक भिजवून परत आणलं, पानासकट पाठ आहे तिला!

दुपारी डोळा लागला. स्वप्नात वाचनालय. कपाटांमधून धुकं वाहत होतं, अगदी सावकाश, कुणाला कुठे पोचायचंच नसल्यासारखं. मी टेबलावर – पुस्तक झालेली. ताईनं मला उघडलं. पान उलटलं. कोरं. पुढचंही कोरं. "इथे अजून काहीच लिहिलेलं नाही," म्हणाली. रागानं नाही. उलट जपून, पान दुमडू नये अशा बेतानं. जाग आली तेव्हा पडद्यातून ऊन आलं होतं आणि माझाच हात माझ्या छातीवर होता.

५ नोव्हेंबर, बुधवार

संपादकाचा फोन. "बाई, लेख! पान तुमच्यासाठी अडलंय." डोकं रिकामं. पाणी प्यायला फ्रिजपाशी गेले. समोर कागद – पिवळा पडलेला, कोपरे वळलेले. पाऊण तासात अकरा कलमांवर लेख तयार! फार सुरेख झालाय. तीच पंचाईत. पाठवून मोकळी झाले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिलंच कलम! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी बहुधा मेल्यावरही राहील.

संपादकाला फोन केला – लेख परत द्या. "छापून झाला, बाई. इथे सगळे पोट धरून हसले!"

मागच्या वेळीही हेच म्हणाला होता.

ताईला आधीच सांगावं म्हणून तिच्या दारापर्यंत गेले. वाजवायला हात उचलला. आत ती रविवारच्या गीताची चाल गुणगुणत होती, झोपेत बोलावं तशी हळू. हात खाली घेतला.

८ नोव्हेंबर, शनिवार

साप्ताहिक वाचनालयात येतं. त्यावर शिक्का मारतं कोण? ताई.

संध्याकाळी आली. बोटाला जांभळी शाई. जेवण उरकलं. उठता उठता म्हणाली, "उद्या वाचायचंय ना? चष्मा पुसून ठेव. डाग पडलेत." बस्स, एवढंच! चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी धुकं खिडक्यांना टेकून बसलं होतं. चर्च कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. ताई ऑर्गनवर, पाठमोरी. वाचत गेले. 'आठवणार नाही'पाशी आले आणि आवाज फुटेना. लोकांना वाटलं – काय ही भक्ती! मला फक्त ताईची पाठ दिसत होती. ती वळली नाही.

प्रभुभोजनाचा प्याला, सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा तो, माझ्यापर्यंत आला. तसाच पुढे दिला. कोणत्या तोंडानं घेऊ?

घरी आले तर फ्रिज बोडका! चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरलेत. आणि ताईच्या दाराबाहेर तिची मोठी प्रवासी बॅग, कपाटावरून काढलेली. म्हणजे करार संपला, आणि ताईही निघाली. दार वाजवलं. आतून, "डोकं दुखतंय गं. उद्या बोलू."

पुन्हा लावा कुणीतरी ती अकरा कलमं! बारावं मी घालते – ताईनं जायचं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

बॅगेची चेन बिघडलीय. दुरुस्तीला टाकायचीय म्हणे! जीव भांड्यात पडला. तरी चहा ओतता ओतता विचारलंच, "ताई, तो कागद?"

"कुठला कागद?"

"अगं, फ्रिजवरचा. आणि शनिवारी मी जे छापलं…"

"मला नाही बाई काही आठवत." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली.

मग माझा निळा कप उचलला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे सरकवला. "साखर कमी पडलीय."