सांध्यातली वाळू

३ जून
स्टेशनला शंभर वर्षं! इतिहासाचं पुस्तक छापायला आमच्याच प्रेसवर आलं आणि प्रूफं तपासायला माझ्याच टेबलावर. लिहिलंय हेडमास्तरांनी. पान अठरा — ‘सांधेवाल्याने कामचुकारपणा करून सांध्यातली वाळू काढली नाही. इंजिन घसरले. फायरमन दगावला.’

सांधेवाला म्हणजे माझे बाबा. नाव घातलेलं नाही. केवढे उपकार! गावाला नाव लागतंय कशाला?

४ जून
समुद्राचा वारा रात्रभर रुळांवर वाळू आणून टाकायचा. पहिल्या गाडीआधी बाबा खराट्याने सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, साफ करायचे. अकरा वर्षं एक दिवस खाडा नाही. बाराव्या वर्षी एकदा चुकले, नोकरी गेली. मग मरेपर्यंत त्याच स्टेशनबाहेर हमाली. शाळेत मला नाव पडलं — ‘वाळू’. अजून काहीजण तीच हाक मारतात.

५ जून
हेडमास्तरांकडे जाऊन आलो. “अहो, चौकशीत त्यांनी स्वतः कबूल केलंय. इतिहास तो इतिहास!”

मोठे आले इतिहासवाले! सांधा न बघता सिग्नल कोणी दिला? स्टेशनमास्तरने. त्याला बढती, आणि पुस्तकात पानभर फोटो. चोर सोडून संन्याशाला फाशी!

६ जून
वाक्य उडवलं. प्रूफ तसंच पुढे पाठवलं.

७ जून
आईला सांगितलं. वाटलं, म्हातारी खूश होईल. चादरीची घडी घालत होती, ती तशीच धरून म्हणाली, “परत घाल ते.”

माझं डोकंच फिरलं. “जन्मभर मूग गिळून बसलीस, आता तरी बाबांच्या बाजूने बोल!” फार बोललो. ती जेवलीच नाही.

८ जून
सकाळी आपणहून बोलायला लागली. “तू दोन वर्षांचा. अंगात ताप. त्यांच्या खांद्यावरून उतरेनास. म्हणून खराटा घेऊन मीच गेले. सांध्याच्या दोन पट्ट्या हलतात, हे मला कुठे माहीत? एकीची वाळू काढली आणि आले.”

चौकशीला ती निघाली होती. बाबांनी दारात अडवलं — “तू तुरुंगात गेलीस तर ह्याला कोण बघेल? माझी शपथ आहे.” मग आई म्हणाली, “त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं तू पुसू नकोस.”

९ जून
छपाई सुरू व्हायच्या आत प्रेसवर पोहोचलो. वाक्य माझ्या हाताने परत घातलं. ‘कामचुकारपणा’सकट.