साळवींच्या गाण्याला जायचं नाही

३ जानेवारी
नोटीस लागली. अकरा तारखेला कॉलेजच्या हॉलमध्ये प्राध्यापकांची शास्त्रीय मैफल. गाणार कोण? केमिस्ट्रीचे शुभंकर साळवी! मी १९९६ साली गाण्याची मध्यमा परीक्षा पास झालोय, हे प्राचार्यांना ठाऊक आहे. मीच दोनदा सांगितलंय. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. फक्त गाण्याला जायचं नाही, एवढंच ठरवलं.

५ जानेवारी, स्टाफरूम
साळवी स्वतः आले. सर, मागे तानपुऱ्याला बसाल काय, तुमचा कान तयार आहे, म्हणाले. मागे! शिष्य बसतात तिथे! सर्दी झालीय म्हणून सांगितलं. तानपुऱ्याला सर्दी चालते, हे नंतर सुचलं.

संध्याकाळी
निशिगंधाला सगळं सांगितलं. बायको म्हणून साळवींवर चिडेल असं वाटलं होतं. मग मी बसते, म्हणाली. लग्नाआधी चिपळूणला सहा वर्षं गाणं शिकली होती. का सोडलं, नीट आठवत नाही. सकाळच्या रियाझानं माझं डोकं दुखायचं, तेच असावं. परवानगी दिली. तिनं मागितली नव्हती.

८ जानेवारी
रोज तालीम. घरी आल्यावरही गुणगुणते. भात मी लावला. करपला. चूक साळवींची.

१० जानेवारी
नवा प्लॅन. जायचं, पहिल्या रांगेत बसायचं, पण दाद द्यायची नाही. मान हलवायची नाही. फार तर कपाळ धरायचं, म्हणजे साळवींना कळेल. आरशासमोर प्रॅक्टिस केली. उत्तम जमतं.

११ जानेवारी, मैफलीनंतर
राग मारुबिहाग. साळवी बरे गातात. कपाळ धरलं. मध्येच त्यांनी मागे वळून खूण केली आणि निशिगंधानं सूर उचलला. तानपुऱ्यावरच्या माणसानं अधूनमधून एखादी ओळ गायची, अशी पद्धत आहे. हिची ओळ झाल्यावर साळवी गप्पच बसले, अजून, अजून, असं हातानं म्हणत राहिले. ती गात राहिली. अख्खा हॉल वा म्हणाला. माझ्याही तोंडाशी आलं होतं. पण ठरवलं म्हणजे ठरवलं. कपाळ सोडलं नाही.
इतके दिवस साळवींवर जळत होतो. आज बायकोवर जळलो. लिहून टाकलं, बरं वाटलं नाही.

१२ जानेवारी
गेटवरच शिपाई भिकाजी. वैनी काय गायल्या हो सर, तुम्ही कधी बोललात नाय! म्हटलं, घरातली गोष्ट, बाहेर कशाला बोलायची.

१४ जानेवारी, संक्रांत
तीन दिवस वाक्य जुळवत होतो. तिळगूळ घेताना म्हणालो एकदाचा, त्या दिवशी छान गायलीस. तुम्ही ऐकलंत, म्हणाली. मला वाटलं, तुमचं पुन्हा डोकं दुखतंय.
शनिवारी सावर्ड्याला तिचं गाणं आहे. साळवी तानपुऱ्याला बसणार. मागे! मी सहज विचारलं, तानपुरे दोन लागतात ना?
लागतात, म्हणाली. पण तुम्हाला सर्दी आहे ना.