पयले शेत, मंग चाय

बाबा, तुझ्या नातीच्या होणाऱ्या सासूने फोनवर विचारलं, "पहिल्यांदाच येतोय, भिवंडीत बघण्यासारखं काय आहे?" आणि माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नाही, तुझ्यावर.

तुझ्या वेळी हा प्रश्नच नव्हता. काल्हेरला आपल्याकडे सोयरा येवो नाहीतर तलाठी, आल्या आल्या चहा मिळायचा नाही. "पयले शेत बघा, मंग चाय," म्हणत तू त्याला बांधावरून फिरवायचास. परत आल्यावर आई दाराशी तांब्या घेऊन उभी आहे, चिखलाच्या पायांवर पाणी ओतते आहे, पाहुणा बिचारा भिजलेल्या पँटकडे बघतो आहे आणि तू खुशीत हसतो आहेस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आपल्या शेताचा चिखल पायाला लागल्याशिवाय सोयरीक टिकायची न्हाय, हे तुझं ठाम मत. मग तेच शेत तू गोडाऊनला दिलंस. दिलंस ते दिलंस, घर उभं राहिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण अरे, पुढे पाहुण्यांना दाखवायचं काय, ते तरी सांगून जायचंस की!

रविवारी मंडळी पुण्याहून आली. वज्रेश्वरीचं दर्शन घडवलं, गरम कुंडात पाय बुडवायला लावले, गणेशपुरीला नेलं. परतताना ट्रकांच्या रांगेत अडकलो, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "हे सगळं देवाचं झालं हो. तुमचं शेत कुठाय? तुमची लेक सारखी सांगते, आजोबा आधी शेत दाखवायचे." पोर आशेने माझ्याकडे बघायला लागली. काय करणार, नेलं. गोडाऊनच्या गेटवर वॉचमन आडवा आला.

"किससे मिलना है?"

"किसीसे नहीं. जमीन देखनी है."

"अंदर जमीन किधर है, साहब? सब सिमेंट है."

खरंच बोलत होता, म्हणून जास्तच चीड आली. पोरीने मान खाली घातली. विहीणबाई पत्र्याच्या भिंतीकडे बघून "मोठं होतं हो तुमचं शेत," एवढंच म्हणाल्या.

घरी आलो तर दाराशी भरलेली बादली आणि तांब्या. "ही कुणी ठेवली मध्येच?" बायको करवादली. मंडळी कोरड्या पायांनी बादलीला वळसा घालून आत गेली. चहा झाला, साखरपुडा ठरला, चिखलावाचून काही अडलं नाही. त्याचाच राग येतोय बघ.

हे पत्र कुठे पाठवणार, राहील कपाटात. बायको अजून विचारते आहे. तुला म्हणून सांगतो, बादली मीच भरून ठेवली होती.