नळीतली काळी कडी

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मी शेवटी तुमचंच काम करतोय. मस्कतमधल्या गाला भागात, परवाना असलेल्या एका व्यापाऱ्याकडे. लोक घरातल्या शिकारीच्या जुन्या रायफली आणून देतात. मी त्या पुसतो, तपासतो, फोटो काढतो, चार ओळी लिहून ऑनलाइन लिलावाला लावतो. पोलिसांची परवानगी आणली की बोली जिंकणाऱ्याला रायफल मिळते. तुमच्या चिपळूणच्या दुकानात माणसं बंदूक दुरुस्तीला आणायची आणि रानडुकरांच्या शिकारीच्या गोष्टी सांगत तासभर बसायची. इथे मला बोली लावणाऱ्यांची फक्त टोपणनावं दिसतात. मुलीच्या कॉलेजसाठी ती आणि तिची आई पुण्याला गेल्यापासून अल हैलच्या फ्लॅटमध्येही मी एकटाच असतो.

मागच्या महिन्यात डोंगरातल्या गावाहून एक म्हातारे ओमानी गृहस्थ आले. पांढरी पायघोळ दिशदाशा, एका डोळ्यात मोतीबिंदू, कापडात गुंडाळलेली रायफल. शिकारीवर बंदी येण्याआधीची त्यांच्या वडिलांची. तरुणपणी मुंबईत राहिल्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. मी चहा मागवला. त्यांनी विचारलं, "तुम्हारा बाबा क्या काम करता था?" मी म्हटलं, "यही." ते हसले, रायफल माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तो फिर तुम रखो." इतक्या वर्षांत इथे तुमच्याबद्दल कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

ते गेल्यावर मी नळी खिडकीकडे धरून आत पाहिलं. मधोमध काळी कडी. म्हणजे नळी आतून फुगलेली, गोळी झाडली तर फुटू शकेल अशी. हे तुम्हीच मला शिकवलंत. मी सोळा वर्षांचा असेन. एका शेतकऱ्याची बंदूक हातात घेऊन, न बघताच, मी "नळी साफ आहे" म्हणतो. तुम्ही ती माझ्या हातातून घेता, उजेडाकडे धरता, आणि त्या माणसासमोरच म्हणता, "बघितलं नसेल तर बघितलं नाही म्हण. उद्या हा चाप ओढेल तेव्हा तू तिथे नसशील." त्या रात्री मी जेवलो नाही. तुम्ही ताट झाकून ठेवलंत, पण बोललेला शब्द मागे घेतला नाहीत.

मी अर्बाबला, म्हणजे आमच्या व्यापारी मालकाला, सांगितलं. तो फोनवर होता. हात हलवून म्हणाला, "अरे, ये लोग दीवार पे लगाता है, मारता नहीं. खलास, मत लिखो." आणि बाबा, मी नाही लिहिलं. "उत्तम स्थिती" असं लिहिलं. तीन दिवस बोली चढत राहिली. चौथ्या दिवशी एकाने साइटवर विचारलं, 'नळी कशी आहे? नेमबाजीच्या रेंजवर चालवायची आहे.' मी लिलाव थांबवला आणि अर्बाबला तोंडावर सांगितलं, "मैं नहीं बेचूँगा ऐसे." त्याने माझ्या टेबलावरच्या बाकीच्या रायफली उचलून नेल्या.

मग मी म्हाताऱ्यांना बोलावून घेतलं. ते दोन तासांचा प्रवास करून आले. मी कडी दाखवली. चांगला डोळा नळीला लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि ते म्हणाले, "एक बार नली में रेत था. मैंने फिर भी गोली मारा, तभी फूला. बाप को कभी बोला नहीं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "लिखो. जो है, वो लिखो." मी लिलाव पुन्हा सुरू केला आणि लिहिलं: नळी फुगलेली, कधीही चालवू नये. जवळजवळ सगळ्यांनी माघार घेतली. एक जण राहिला. त्याला ती मजलिसच्या, म्हणजे घरातल्या बैठकीच्या, भिंतीवर लावायची होती. त्याला ती मिळाली, आणि अर्बाबने दुसऱ्या दिवशी पुढची रायफल माझ्या टेबलावर ठेवली.

हे तुम्ही वाचलं असतंत तर मान डोलावली असतीत, म्हणून एक राहिलेलं सांगून टाकतो. ही गोष्ट फोनवर पाच मिनिटांत सांगता आली असती. कडीचा फोटो मोबाइलवर पाठवता आला असता. त्या वयात त्या म्हाताऱ्यांना इतक्या लांब यायला लावायची काही गरज नव्हती. मला फक्त ते पुन्हा समोर बसून चहा प्यायला हवे होते.